गावच्या बोडीत माशांसाठी आसरा : काय टाकावे, कोठे टाकावे आणि कोणाला विचारावे?

पाळेवरचा

आमची वसाहत साकोली तालुक्यातील एका गावाच्या कडेला, जुन्या बोडीच्या (लहान तलावाच्या) पाळेला (बांधाला) लागून आहे. बोडी सुमारे दोन हेक्टरांची असावी. पावसाळ्यात ती सलंगापर्यंत (जादा पाणी वाहून जाण्याच्या वाटेपर्यंत) भरते, दिवाळीपर्यंत धानाला पाणी देते आणि वैशाखात तिच्या मधल्या खोलगट भागात तेवढे पाणी उरते. काही वर्षांपूर्वी यंत्र लावून तिचा गाळ काढला गेला. त्यामुळे पाणी वाढले हे खरे आहे, परंतु पूर्वी काठाकडे जो उथळ, गवताळ, हळूहळू खोल होत जाणारा भाग होता तो गेला आणि आता बोडीचे काठ भिंतीसारखे उभे आहेत. तळ सपाट व उघडा आहे. मच्छीमार संस्था दरवर्षी रोहू, कटला आणि मृगल यांचे बीज सोडते, पण घाटाजवळ उभे राहिल्यास एखादा लहान मासाही दिसत नाही. पाणकावळे मात्र थव्याने येतात.

वसाहतीतील काही जणांचा विचार असा आहे की, पाण्याखाली माशांना लपण्यासाठी काही जागा तयार कराव्यात. बांबू व वाळलेल्या फांद्या आमच्याकडे भरपूर आहेत. एका गॅरेजवाल्याने जुने टायर फुकट देऊ केले आहेत आणि रस्त्याच्या कामातून उरलेले सिमेंटचे तुटके पाईपही मिळू शकतात. हे सर्व घाटापासून दिसेल अशा अंतरावर ठेवल्यास मुलांना मासे पाहता येतील आणि गळ टाकण्याची आवड असलेल्या आम्हा दोन-चार जणांचीही सोय होईल. यांपैकी काय वापरावे, किती खोलीवर ठेवावे आणि याचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नदीकाठ

बाकीचे मुद्दे इतर सभासद मांडतीलच, मी केवळ टायरांविषयी लिहितो. कृपया ते घेऊ नका. अमेरिकेत फ्लोरिडामधील फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्याजवळ १९७० च्या दशकात माशांसाठी कृत्रिम प्रवाळखडक म्हणून सुमारे २० लाख टायर समुद्रात टाकण्यात आले होते. ते बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर मोकळे होऊन वाहू लागले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले. ते बाहेर काढण्याचे काम पुढे अनेक वर्षे चालले. बोडीत लाटा नसतात हे मान्य आहे, पण टायरच्या रबरातून पाण्यात उतरणाऱ्या रसायनांचा प्रश्न तिथेही उरतोच. टायरमधील एका संरक्षक रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कोहो साल्मन माशांच्या मृत्यूस कारणीभूत ठरतो, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. प्रत्येक जातीच्या माशावर त्याचा तसाच परिणाम होतो असे नाही, परंतु ज्या पाण्यावर गुरे येतात आणि ज्याने धान भिजते त्या पाण्यात हा प्रयोग कशासाठी करावा? गॅरेजवाला टायर फुकट देतो आहे, कारण त्याला ते कोठेतरी टाकायचेच आहेत.

जाळेकरी

मूळ लेखात बांबू, टायर, पाईप आणि मुले या सर्वांचा विचार आहे, पण ज्यांच्याकडे बोडीचा ठेका आहे त्या संस्थेचा उल्लेख फक्त बीज सोडण्यापुरता आला आहे. माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

ओढजाळे कसे चालते ते आधी समजून घ्या. दोन्ही बाजूंनी माणसे पाण्यात उतरतात, जाळ्याची खालची दोरी तळाला घासत पुढे सरकते आणि शेवटी जाळे काठाला आणून मासळी गोळा केली जाते. तळात एक खुंट जरी उभा असला तरी जाळे तिथे अडकते, फाटते आणि फाटलेल्या जागेतून सगळी मासळी निघून जाते. चांगले जाळे काही हजारांना येते आणि ते शिवण्यात दिवस जातात. तुम्ही तळात कोठे काय पुरले आहे हे संस्थेला ठाऊक नसेल, तर हंगामाच्या पहिल्याच ओढीला भांडण उभे राहील. शिवाय ठेक्याच्या तळ्यात परवानगीशिवाय गळ टाकणे हे सभासदांच्या दृष्टीने मासळी चोरण्यासारखेच असते. घाटाजवळ मासे गोळा करून तिथेच गळ टाकण्याचा बेत संस्थेच्या बैठकीत मांडला तर काय उत्तर मिळेल, याचा अंदाज आपण करू शकता.

आसरा करू नये असे माझे म्हणणे नाही. तो कोठे करावा हे जाळे ओढणाऱ्यांना विचारून ठरवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेलंगखेडी

मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला प्रश्न असा विचारावा की, आपल्याला मासे एका जागी जमवायचे आहेत की तळ्यातील मासे वाढवायचे आहेत. या दोन गोष्टी एक नव्हेत. उघड्या तळाच्या पाण्यात फांद्यांचा एक ढीग टाकला की काही दिवसांतच त्याच्याभोवती मासे दिसू लागतात, पण ते बहुधा तळ्यातलेच असतात. फक्त त्यांची जागा बदललेली असते. त्या ठिकाणी गळ किंवा जाळे टाकल्यास ते अधिक सहज पकडले जातात आणि एकूण संख्या वाढण्याऐवजी घटू शकते. मासे खऱ्या अर्थाने वाढायचे असतील तर त्या आसऱ्याने तीनपैकी एखादे काम करायला हवे : अंडी घालण्यास जागा द्यायला हवी, पिल्लांना शत्रूपासून वाचवायला हवे किंवा खाद्य निर्माण करायला हवे.

आता जातींचा विचार करू. कटला पाण्याच्या वरच्या थरात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खातो, त्यामुळे तळातील आसऱ्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. मृगल तळाशी चरतो. रोहूला मात्र बांबूचा प्रत्यक्ष फायदा होतो, कारण पाण्यात उभ्या केलेल्या बांबूवर काही आठवड्यांत शेवाळ आणि सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर चढतो आणि रोहू तो खरवडून खातो. बांगलादेशात आणि आपल्याकडेही या पद्धतीवर बरेच संशोधन झाले असून बांबू रोवलेल्या तळ्यांत रोहूची वाढ चांगली होते असे दिसले आहे. परंतु रोहू, कटला आणि मृगल हे तिन्ही मासे बोडीच्या साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातील वाहते पाणी लागते. म्हणून कितीही आसरा केला तरी यांची पिल्ले तुमच्या बोडीत जन्मणार नाहीत, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) बाहेरून आणूनच सोडावी लागेल.

स्थानिक माशांचे तसे नाही. मरळ पावसाळ्यात काठाच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पती बाजूला सारून घरटे करते आणि अंड्यांतून पिल्ले बाहेर आल्यावर नर-मादी त्या पिल्लांच्या थव्याची राखण करतात. चालट हा मासा पाण्यातील खुंट, दगड अशा कठीण पृष्ठभागावर अंडी चिकटवतो. शिंगी आणि वाम यांना बिळे, भेगा आणि चिखलातील सांदी आवडतात. उभ्या काठाच्या, सपाट तळाच्या बोडीत यांतील काहीच उरत नाही, म्हणून हे मासे नाहीसे होतात. लहान मासे घाटाजवळ दिसत नाहीत याचेही कारण हेच असावे.

साहित्याविषयी काही सूचना करतो. हिरव्या पानांच्या फांद्या टाकू नका. पाने कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि ढगाळ हवेत, पहाटेच्या वेळी, मासे तोंड वर काढून श्वास घेऊ लागतात. फांद्या उन्हात वाळवून, पाने झडल्यावरच वापराव्यात. बाभूळ व बोर यांच्या काटेरी फांद्या उत्तम, कारण त्यांच्या दाट जाळीत मोठा मासा किंवा पाणकावळा शिरू शकत नाही. शेर, थोर अशा चिकाच्या झाडांच्या फांद्या, तसेच गेळ आणि हिंगणबेट यांची फळे पाण्यात जाऊ देऊ नका. मासे गुंगवून पकडण्यासाठी लोक हीच झाडे वापरत आले आहेत. सिमेंटचे पाईप जुने असतील तर हरकत नाही. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि लहान पाण्यात त्याचा त्रास होऊ शकतो. कुंभाराकडचे तडा गेलेले माठ आणि मडकी शिंगीसाठी पाईपांपेक्षाही सोयीची, आणि ती काढायचीही गरज पडत नाही.

बेशरमच्या काड्या वापरण्याचा मोह होईल, कारण त्या पाळेवरच मिळतात. त्या अजिबात वापरू नका. ओल्या मातीला टेकलेला तिचा प्रत्येक तुकडा मूळ धरतो आणि दोन पावसाळ्यांत तुमची बोडी बेशरमचे रान होईल.

पाळेवरचा

सर्वांचे आभार. टायरांचा विषय मी येथेच संपवतो. जाळेकरी यांनी मांडलेला मुद्दा योग्य आहे आणि गळाचा विचारही आम्ही सोडून देऊ. ती आमची हौस होती, गरज नव्हे. संस्थेच्या अध्यक्षांशी बोलणे ठरवतो आहे.

तेलंगखेडी यांना एक शंका विचारतो. मरळ वाढली तर ती संस्थेने सोडलेली बोटुकली खाईल, अशी तक्रार संस्थेचे सभासद नक्की करतील. त्यावर काय सांगावे?

तेलंगखेडी

तक्रार खरी आहे. मरळ शिकारी मासा आहे आणि जिऱ्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे बीज सोडल्यास ती त्यातील बराच वाटा फस्त करते. म्हणूनच तलावात सोडताना बोटुकली किमान ८० ते १०० मिलिमीटर लांबीची असावी अशी शिफारस केली जाते. मत्स्यजिरे स्वस्त पडतात म्हणून थेट तेच सोडले जातात आणि नंतर मासळी कमी निघाली की दोष मरळीवर येतो. सभासदांना बाजारभावाचीही आठवण करून द्यावी. विदर्भात जिवंत मरळीला रोहूपेक्षा चांगला दर मिळतो आणि तिच्या बीजावर संस्थेला पैसा खर्च करावा लागत नाही.

ह्यूस्टनकर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि आमच्या वसाहतीतही एक तळे आहे. येथील तळ्याचे मूळ काम पावसाचे पाणी साठवून पूर टाळणे हे असते आणि मासे ही नंतरची गोष्ट. त्यामुळे त्यात काहीही ठेवायचे झाल्यास घरमालकांच्या संघटनेची परवानगी लागते आणि पाणी बाहेर पडण्याच्या तोंडाजवळ काहीही ठेवू देत नाहीत. तुमच्या तुडुमाच्या (शेताला पाणी सोडण्याच्या तोंडाच्या) बाबतीतही हे लक्षात ठेवावे. सुटलेली एखादी फांदी तुडुमात अडकली तर ऐन धानाच्या पाण्याच्या वेळी शेतकऱ्यांचा रोष ओढवेल.

येथे नाताळनंतर फेकून दिलेली सूचिपर्णी झाडे गोळा करून, त्यांना वजन बांधून जलाशयात बुडवण्याची जुनी पद्धत आहे. टेक्सास आणि मिझूरीसारख्या राज्यांतील वन्यजीव विभाग स्वतः असे ढीग तयार करतात आणि ते कोठे आहेत याचे नकाशे गळकऱ्यांसाठी प्रसिद्ध करतात. म्हणजे येथील हेतू उघडपणे मासे जमवण्याचा आहे, तो कोणी लपवत नाही. ही झाडे काही वर्षांत कुजून जातात, म्हणून अलीकडे प्लास्टिकच्या नळ्यांचे सांगाडेही वापरले जातात. मला ते आवडत नाहीत. कुजणाऱ्या वस्तूची जागा पुन्हा भरावी लागते हे खरे, पण चुकीच्या जागी ठेवलेली फांदी आपोआप नाहीशी होते, प्लास्टिक तिथेच राहते.

खोलीविषयी येथे एक नियम पाळला जातो तो तुमच्याकडेही लागू पडेल. कडक उन्हाळ्यात स्थिर पाण्याचा वरचा थर तापतो, खालचा थंड राहतो आणि दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरातील प्राणवायू संपत जातो. अशा ठिकाणी कितीही सुंदर आसरा केला तरी उन्हाळ्यात मासे तिथे उतरत नाहीत. तुमच्या बोडीत उन्हाळ्यात मुळात पाणीच थोडे उरते, त्यामुळे प्रश्न उलट दिशेने येईल : काठाजवळ केलेला आसरा फाल्गुनातच उघडा पडेल.

शिंगाडा

चर्चा फांद्या आणि पाईप यांभोवतीच फिरते आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांविषयी बोलताना मूळ गोष्ट बाजूला राहू नये म्हणून हा प्रतिसाद थोडा लांब होत आहे.

आपल्या भागातील मालगुजारी (महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेले) तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून त्यांची संख्या साडेसहा हजारांच्या पुढे सांगितली जाते. पाळ, तुडूम, सलंग आणि पाट यांची रचना पाहिली की ते सिंचनासाठी बांधले होते हे कळतेच, परंतु त्याच तलावात धिवर समाज मासे धरत होता, शिंगाडा लावत होता, कमळाचे कंद काढत होता आणि काठाचे देवधान (आपोआप उगवणारे रानधान) गोळा करत होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाण्याची पातळी तेवढी मोजली जाऊ लागली. तलावाच्या पोटात काय उगवते, ही कोणाचीच जबाबदारी राहिली नाही.

अशा तलावात माशांचा खरा आसरा म्हणजे पाणवनस्पती. पूर्ण बुडालेल्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया यांमध्ये पिल्ले लपतात, कुमुदिनी आणि कमळ यांच्या तरंगत्या पानांखाली सावली मिळते आणि काठाच्या देवधानात मरळ घरटे करते. प्रत्येक वनस्पतीची खोली ठरलेली असते. म्हणूनच काठाचा उतार मंद असावा लागतो. बोडीचा काठ यंत्राने उभा कापला की या सर्व पायऱ्या एकाच वेळी जातात आणि काढलेल्या गाळाबरोबर त्यात पडलेले बी व कंदही शेतात जातात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेखाली राज्यात गाळ काढण्याचे मोठे काम झाले. गाळ काढायला माझा विरोध नाही, शेताला तो सोन्यासारखा आहे. पण यंत्र कोठे थांबवायचे हे सांगणारा माणूस बांधावर उभा असायला हवा आणि तो बहुतेक ठिकाणी नसतो.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने आणि धिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर जे काम केले, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे आधी बेशरम मुळासकट काढली गेली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला गेला आणि पावसाळ्यात दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती लावण्यात आल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते याची माहिती पुस्तकातून घ्यावी लागली नाही, ती जाळे टाकणाऱ्या जुन्या माणसांकडे होतीच. पुढे स्थानिक मासे परतले आणि पाणपक्षीही वाढले. या सर्व कामात एकही पाईप बुडवावा लागला नाही.

आपल्या बोडीतही फांद्या आणि मडकी जरूर ठेवा, पण वनस्पती रुजेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून ठेवा. संस्थेची तयारी असेल तर एका कोपऱ्यात शिंगाडा लावा. त्याच्या पानांखाली लहान मासे राहतात आणि लावणाऱ्याला उत्पन्नही मिळते. शिंगाड्यावरील किडीसाठी फवारणी मात्र करू नये, ती थेट पाण्यातच पडते.

नदीकाठ

शिंगाडा यांचा प्रतिसाद आवडला, तरी हायड्रिलाच्या बाबतीत माझी हरकत नोंदवतो. शहराजवळची सांडपाणी येणारी तळी मी पाहिली आहेत. तिथे हायड्रिला एकदा बसली की संपूर्ण पाणी भरून टाकते, रात्री प्राणवायू ओढते आणि तिच्यातून होडीही पुढे जात नाही. माशांना आसरा देण्याच्या नादात पाणीच उरले नाही, असे होऊ नये.

शिंगाडा

आपली भीती योग्य आहे, पण त्याचे कारण हायड्रिलापेक्षा सांडपाणी अधिक आहे. खताचे आणि नाल्याचे पाणी येत असेल तर जी वनस्पती लावाल ती माजेल, आणि काहीच लावले नाही तर जलपर्णी येईल. बोडीत मूळ पाणी शेतांतून येते. धानाला युरिया टाकल्यानंतर जोराचा पाऊस झाला की त्यातील काही भाग बोडीत उतरणारच. म्हणून पहिल्या वर्षी हायड्रिला कमी आणि व्हॅलिस्नेरिया व कुमुदिनी अधिक लावावी, असे मी सुचवेन.

तेलंगखेडी

यात एक भर घालतो. वनस्पती लावल्यानंतर संस्थेने त्या वर्षी गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) हे मासे सोडू नयेत, हे आधीच ठरवून घ्या. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पतीच खातो आणि कोवळी हायड्रिला त्याला सर्वांत प्रिय. सायप्रिनस तळ उकरतो, त्यामुळे रोपे उपटली जातात आणि पाणी सतत गढूळ राहते. गढूळ पाण्यात ऊन खाली पोहोचत नाही, म्हणजे उरलेली रोपेही जगत नाहीत. वनस्पती माजल्या तर पुढे थोडे गवत्या सोडता येतील, पण ते पुढचे पाऊल झाले. तिलापिया आणि आफ्रिकन मागूर यांच्याविषयी तर बोलायलाच नको. मागुराच्या त्या जातीवर आपल्या देशात बंदी आहे, तरीही ती छुप्या मार्गाने बाजारात येते, म्हणून बीज घेताना पाहून घ्या.

पाणवनस्पतींनी बोडीचा किती भाग व्यापावा याला एकच उत्तर नाही. साधारण चौथ्या हिश्शापर्यंत असेल तर जाळ्यालाही वाव राहतो आणि पहाटेच्या प्राणवायूची चिंताही कमी असते.

अबोली

सर्वांनी माशांचा विचार केला आहे, मी माणसांचा करते. आमच्या गावच्या तळ्यात मुले पोहतात, म्हशी डुंबतात आणि गणपती व भुजलींचे (सणासाठी उगवलेल्या गव्हाच्या रोपांचे) विसर्जन होते. पाण्याखालची बाभळीची फांदी मुलाच्या पायात किंवा म्हशीच्या सडाला लागली तर सर्व चर्चा वाया जाईल. घाट, गुरांचा उतार आणि विसर्जनाची जागा यांच्या जवळ काटेरी काहीही ठेवू नये. जिथे ठेवाल तिथे पाण्याच्या वर दिसेल असा उंच बांबू रोवून त्याला रंगीत फडके बांधावे आणि ग्रामसभेत तशी सूचना द्यावी. तुटकी मडकी उघड्या तोंडाने वर ठेवू नयेत, पाणी उतरल्यावर त्यांत डास होतात.

जाळेकरी

अबोलीताईंची सूचना आमच्याही सोयीची आहे. फडके बांधलेला बांबू दिसला की जाळे त्याच्या बाहेरून फिरवता येते.

जागेविषयी माझे मत असे आहे. ओढजाळे बहुधा येव्याच्या (पाणी आत येण्याच्या) बाजूने सुरू करून पाळेकडे आणतात, कारण पाळेजवळ पाणी खोल असते आणि मासळी तिकडे सरकते. म्हणून पाळेसमोरचा आणि मधला पट्टा पूर्ण मोकळा ठेवा. दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत, जिथे जाळे वळवताना तसाही त्रास होतो, तिथे आसरा करा. येव्याजवळचा उथळ भाग वनस्पतींसाठी द्या. पावसाळ्यात नवे पाणी तिथूनच येते आणि मरळ, शिंगी तिकडेच चढतात. उन्हाळ्यासाठी मधल्या डोहात आसरा हवा असेल तर तो रोवू नका. फांद्यांची मोळी करून तिला दगड आणि दोर बांधा, म्हणजे ओढीच्या आदल्या दिवशी ती वर काढता येईल.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. बंगालकडे तळ्यात बांबू आणि काटेरी फांद्या टाकतात, त्यामागे रात्री जाळे टाकून मासळी चोरणाऱ्यांना अडवण्याचाही हेतू असतो. आमच्या संस्थेलाही चोरीचा त्रास आहे. तुम्ही अध्यक्षांना भेटायला जाल तेव्हा मुलांना मासे दिसतील या मुद्द्यापासून सुरुवात न करता या मुद्द्यापासून करा. ते लगेच ऐकतील.

ह्यूस्टनकर

जाळेकरी यांनी बंगालचा उल्लेख केला म्हणून आठवले. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशात खाजणांच्या उथळ पाण्यात हजारो फांद्या रोवून ‘अकाजा’ नावाची रचना करतात आणि मणिपूरच्या लोकताक सरोवरात तरंगत्या वनस्पतींची वर्तुळे करून त्यांत मासे धरतात. दोन्हीकडे त्याचा फायदाही झाला आणि दोन्हीकडे जागेच्या मालकीवरून वादही झाले. फांदी ज्याने रोवली त्याचे तिथले मासे, असा समज फार लवकर तयार होतो. वसाहतीने केलेल्या आसऱ्यावर वसाहतीचा कोणताही हक्क नाही, हे तुम्ही पहिल्याच बैठकीत लिहून दिलेले बरे.

पाळेवरचा

आज संस्थेचे अध्यक्ष आणि दोन जुने सभासद यांच्यासह पाळेवर फिरून आलो. चोरीचा मुद्दा जाळेकरी म्हणाले तसाच उपयोगी पडला. ठरले ते असे : वसाहतीने बेशरम काढण्याचे श्रम करायचे आणि काढलेल्या काड्या बोडीपासून दूर वाळवून जाळायच्या. संस्थेने यंदा गवत्या व सायप्रिनस सोडायचे नाहीत. पूर्वेकडच्या कोपऱ्यात बोर आणि बाभळीच्या वाळलेल्या फांद्यांच्या मोळ्या, पश्चिमेकडे उभे बांबू आणि येव्याजवळ पाणवनस्पती. तिथला उभा काठ आधी फावड्याने थोडा उतरता करून घ्यावा लागेल, कारण आज त्यावर काही रुजणार नाही. ग्रामपंचायतीला एकत्र अर्ज देणार आहोत आणि ह्यूस्टनकर यांनी सुचवलेले वाक्य त्यात घालणार आहोत. घाटाजवळ फक्त दगडांची एक उतरण करू, तिच्या फटींत लहान मासे आले तर मुले पाहतील.

एक प्रश्न उरला आहे. एक सभासद म्हणाले की बांबू हिरवाच रोवावा, दुसरे म्हणाले की वाळवून. दोघेही ठाम होते आणि शेवटी निर्णय झाला नाही.

तेलंगखेडी

माशांच्या दृष्टीने दोन्ही चालतात. ताजा बांबू सुरुवातीला पाण्यात थोडा रस सोडतो, म्हणून एकदम पुष्कळ रोवू नका, एवढेच.

जाळेकरी

दोघांचेही बरोबर आहे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी कामे आहेत. जाळे अडवायचे असेल तर पक्का, जुना बांबू घ्या, कारण तो लवकर वाकत नाही. कोवळा हिरवा बांबू पहिल्याच वर्षी मऊ पडतो आणि भुंगाही त्याला लवकर धरतो. तोडायचा असेल तर आता थांबा आणि अंधाऱ्या पाखात (कृष्ण पक्षात) तोडा, आमच्याकडे सगळे तसेच करतात. पाणी पुरेसे उतरेपर्यंत रोवता येणार नाही, त्यामुळे घाई नाही. रोवताना बुडाकडची बाजू खाली, पहारीने आधी भोक पाडून, किमान दोन हात आत जाऊ द्या. दोन बांबूंत एक माणूस पोहत जाईल एवढे अंतर ठेवा, म्हणजे अडकलेले जाळे सोडवायला आत शिरता येईल. कामाचा दिवस ठरला की येथे लिहा, आमच्याकडची पहार आणि दोन माणसे घेऊन मी येईन.